गृहयंत्रविचार : वारंवार तुटणारें संधान

जें यंत्र एकदांच कायमचें बंद पडतें, त्याचा निकाल लवकर लागतो. तें दुरुस्तीस तरी जातें, नाहीं तर माळ्यावर तरी जातें. परंतु जें यंत्र पांच पानें व्यवस्थित उतरवून घेतें, सहाव्या पानाच्या मध्यावर 'स्कॅनर सांपडत नाहीं' असें सांगून स्वस्थ बसतें, आणि केबल काढून पुन्हा लावली कीं जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें चालूं लागतें, तें घरांतील शहाण्या माणसांचीहि मति कुंठित करतें. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अशा स्कॅनरांचें गाऱ्हाणें अलीकडे वारंवार आढळतें. बहुतेक पत्रांचा शेवट एकाच प्रश्नानें होतो : "दुकानदार म्हणतो, नवा घ्या. घ्यावा काय?" आमचें उत्तर असें कीं, घाई करूं नये. पुष्कळदां दोष स्कॅनरांत नसून त्याच्या व संगणकाच्या मधल्या मार्गांत असतो. आणि तो शोधून काढण्यास विशेष विद्या लागत नाहीं, थोडी शिस्त मात्र लागते.

हा प्रश्न केवळ यंत्राचा असता तर त्यासाठीं या मासिकाचीं दोन पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु आमच्या वाचकांच्या घरीं हें यंत्र कशासाठीं येतें तें पाहावें. कोणी आजोबांचीं पत्रें उतरवून ठेवीत आहे, कोणी कुलवृत्तांताचीं टिपणें, कोणी हस्तलिखित पोथी, तर कोणी वडिलांच्या नोकरीचे दाखले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांतील कित्येक घरांतील असलीं दप्तरें काहीं घटकांत चिखल होऊन गेलीं. त्यांची दुसरी प्रत कोठेंच नव्हती. जीं वांचलीं तींहि आतां जीर्ण झालीं आहेत. लांकडाच्या लगद्यापासून केलेला जुना कागद त्याच्या अंगच्या आम्लामुळें वर्षानुवर्षें पिवळा व ठिसूळ होत जातो, आणि पत्राची घडी जेथें पडली असेल तेथें तो प्रथम तुटतो. असें पत्र एकदां उलगडून कांचेवर ठेवणें यांतच त्याची थोडी झीज आहे. स्कॅनरानें मध्येंच संधान सोडलें म्हणजे तेंच पत्र दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ठेवावें लागतें. स्कॅनराचा दोष असा कागदाच्या आयुष्यावर बसतो.

म्हणून पहिला नियम हा कीं, दोष सांपडून दूर होईपर्यंत एकहि जुना कागद कांचेवर ठेवूं नये. परीक्षेसाठीं आजचें वर्तमानपत्र घ्यावें. त्याचीं पानें लागोपाठ वीस वेळां निर्वेधपणें उतरलीं, तरच पेटींतील पत्रांस हात लावावा.

आतां हें संधान कसें चालतें तें थोडक्यांत पाहूं. स्कॅनर व संगणक यांना जोडणारी 'यूएसबी' नांवाची योजना १९९६ मध्यें प्रसिद्ध झाली. ती सिद्ध करणाऱ्या इंटेल कंपनीच्या मंडळींत अजय भट्ट हे प्रमुख होते, आणि त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयांत झालें होतें, हें आमच्या वाचकांस ऐकून समाधान वाटेल. साधारण यूएसबी केबलींत चार तारा असतात. तांबडी व काळी या विद्युत्प्रवाहाच्या. त्यांतून पांच व्होल्ट दाबानें स्कॅनरास शक्ति मिळते. पांढरी व हिरवी या वार्तेच्या. त्यांतून पानाचें चित्र संगणकाकडे जातें. म्हणजे एकाच केबलींतून अन्न व वाणी हीं दोन्ही वाहतात. यांपैकीं कोणतेंहि एक क्षणभर खंडित झालें, तरी संगणकाच्या दृष्टीनें स्कॅनर घर सोडून गेला असें होतें.

पानाचा भारहि कांहीं लहान नसतो. ए-४ आकाराचें एक पान इंचास ३०० बिंदु या मानानें रंगीत उतरविलें, तर सुमारें ८७ लक्ष बिंदु होतात, व प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले म्हणजे सुमारें २ कोटी ६१ लक्ष बाइट होतात. तेंच मान ६०० केलें तर भार चौपट होतो. या प्रवाहांत मध्यें खंड पडला कीं पान अर्धवट राहतें. २००० सालीं आलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या यूएसबीची गति सेकंदास ४८ कोटी बिट एवढी ठरविलेली आहे, त्यामुळें मार्ग अपुरा पडतो असें नाहीं. मार्ग अखंड राहत नाहीं, ही अडचण आहे.

दोष कोठें आहे हें शोधण्याची रीत आपल्या नैयायिकांनीं पूर्वींच घालून दिली आहे. जेथें कारण आहे तेथें कार्य आहे, हा अन्वय. जेथें कारण नाहीं तेथें कार्यहि नाहीं, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तरच कार्यकारणभाव सिद्ध होतो. व्यवहारांत मात्र आपण बहुधा काकतालीय न्यायानें वागतों. एकजण ड्रायव्हर पुन्हा बसवितो. तें करतांना संगणक नव्यानें सुरू होतो, केबलहि काढून लावली जाते. मग स्कॅनर चालूं लागतो, आणि श्रेय ड्रायव्हरला मिळतें. तीन दिवसांनीं संधान पुन्हा तुटतें तेव्हां मनुष्य गोंधळतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळें कोणत्या गोष्टीनें काय झालें हें कळण्याचा मार्गच बंद झाला. यास्तव दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि वहींत लिहून ठेवावी.

वहींत काय लिहावें? मुख्यतः संधान केव्हां तुटलें हें लिहावें. विंडोज प्रणालींत यंत्र जोडलें गेलें कीं चढत्या स्वरांचा आवाज होतो व सुटलें कीं उतरत्या स्वरांचा. त्याकडे कान द्यावा. तुटण्याच्या वेळा साधारणतः चार प्रकारच्या असतात, आणि प्रत्येक वेळ निराळ्या कारणाकडे बोट दाखविते.

पहिला प्रकार : स्कॅनर कांहीं काळ रिकामा बसला कीं संधान तुटतें. येथें संशय विद्युत्-बचतीच्या योजनेवर घ्यावा. यूएसबीच्या नियमांतच अशी तरतूद आहे कीं, मार्गावर हालचाल नसेल तर जोडलेल्या यंत्रास निद्रा द्यावी. ही निद्रा लॅपटॉपची बॅटरी वांचविण्यास हितकर आहे. परंतु कांहीं स्कॅनर त्या निद्रेंतून नीट जागे होत नाहींत. उपाय असा. 'कंट्रोल पॅनेल'मधील 'पॉवर ऑप्शन्स' उघडून आपल्या चालू योजनेच्या प्रगत सेटिंगांत जावें; तेथें 'यूएसबी सेटिंग्ज' या सदराखालीं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' हा पर्याय असतो, तो बंद करावा. कित्येक नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाहीं. तेथें 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून यूएसबीच्या यादींतील प्रत्येक 'रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावर, वीज वांचविण्यासाठीं हें यंत्र बंद करण्याची संगणकास मुभा देणारी खूण असेल, ती काढून टाकावी. काम आटोपल्यावर या खुणा पुन्हा पूर्ववत् कराव्या, म्हणजे बॅटरीचें नुकसान होणार नाहीं.

दुसरा प्रकार : पान उतरविण्याची आज्ञा दिली, दिवा लागला, आंतील गाडा हालूं लागला, आणि तत्क्षणीं संधान तुटलें. येथें शक्ति अपुरी पडत आहे असें समजावें. हल्लींचे पुष्कळसे सडपातळ स्कॅनर भिंतींतून वीज घेत नाहींत. त्यांचा दिवा व गाडा ओढणारी मोटार हीं दोन्ही यूएसबीवरच चालतात. दुसऱ्या आवृत्तीच्या खोबणींतून नियमाप्रमाणें ५०० मिलिअँपिअर, व २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या खोबणींतून ९०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळावयाचा. मोटार सुरू होतांना मागणी एकाएकीं वाढते, आणि त्याच क्षणीं दाब घसरला तर स्कॅनराची शुद्ध हरपते. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब मध्यें असेल तर हें हमखास संभवतें; कारण त्या हबाला मिळालेल्या ५०० मिलिअँपिअरांतूनच त्याला स्वतःचा व सर्व आश्रितांचा निर्वाह चालवावयाचा असतो. म्हणून हब काढून स्कॅनर थेट संगणकास जोडावा. टेबलावरील संगणक असेल तर पुढील खोबण सोडून मागील खोबण वापरावी. पुढील खोबण आंतून आणखी एका तारेनें मुख्य फळीस जोडलेली असते, मागील खोबण थेट फळीवर असते. खोबणी पुरत नसतील तर स्वतंत्र अडॅप्टर असलेला हब घ्यावा. ज्या स्कॅनरास स्वतःचा अडॅप्टर असतो, त्याच्या बाबतींत मात्र त्या अडॅप्टरचीच परीक्षा करावी.

तिसरा प्रकार : संधान केव्हांहि तुटतें, कांहीं क्रम दिसत नाहीं, मात्र टेबलास धक्का लागला, स्कॅनर जरा सरकला किंवा झांकण उघडलें कीं विशेषतः तुटतें. येथें केबल व तिचीं टोंकें यांवर संशय घ्यावा. केबल वरून धड दिसते, परंतु टोंकाजवळ वारंवार वांकून आंतील तार तुटलेली असूं शकते. लांबीहि पाहावी; दुसऱ्या आवृत्तीच्या केबलीस पांच मीटरांची मर्यादा आहे, आणि अशक्त स्कॅनरास दीड-दोन मीटरांपेक्षां लांब केबल देऊंच नये. बारीक तारेच्या लांब केबलींत दाबहि घटतो, त्यामुळें दुसऱ्या प्रकारचा दोष तिसऱ्या प्रकाराच्या वेषांत येऊं शकतो. मोबाइल भारित करण्याच्या कित्येक स्वस्त केबलींत वार्तेच्या तारा मुळींच नसतात; तीवर स्कॅनराचा दिवा लागेल, परंतु संगणकास तो कधींच दिसणार नाहीं. कोंकणांत व समुद्रकांठीं पावसाळ्यांत टोंकांवर गंज चढतो. केबल दोन्हीकडून काढून, टोंकावरील धातु आयसोप्रोपिल अल्कोहोलानें किंचित् ओलसर केलेल्या कापडानें हलकेंच पुसावा, व पूर्ण वाळल्यावरच जोडावा. या प्रकारांत निर्णायक परीक्षा एकच : खात्रीची दुसरी आंखूड केबल लावून वीस पानें उतरवावीं.

चौथा प्रकार : पूर्वीं वर्षानुवर्षें निर्दोष चाललेला स्कॅनर संगणक बदलल्यापासून किंवा विंडोज नवी केल्यापासून बिघडला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची विनामूल्य देखभाल थांबली, त्यामुळें कित्येक घरांत विंडोज ११ आली, आणि जुन्या स्कॅनरांची पंचाईत झाली. येथें संशय ड्रायव्हरवर. स्कॅनर करणाऱ्या कंपनीच्या स्थळावरून आपल्या प्रणालीसाठीं असलेला ड्रायव्हर घ्यावा. जुना आधीं काढून टाकावा, मग नवा बसवावा. मग संगणक 'शट डाउन' करून सुरू न करतां 'रीस्टार्ट' करावा. 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल तर 'शट डाउन' केल्यानें प्रणाली पूर्ण नव्यानें उठत नाहीं; आपली कांहीं स्थिति जपून ठेवते व तीच पुन्हा मांडते. 'रीस्टार्ट'नें मात्र सर्व नव्यानें मांडलें जातें. कांहीं जुने स्कॅनर तिसऱ्या आवृत्तीच्या खोबणींत अस्वस्थ असतात; संगणकास दुसऱ्या आवृत्तीची खोबण असेल तर ती वापरून पाहावी. तिसऱ्या आवृत्तीच्या खोबणीची जीभ बहुधा निळी असते, यावरून ओळख पटते. कंपनीनें जुन्या यंत्राचा ड्रायव्हर देणें बंद केलें असेल तरी यंत्र मेलें असें नव्हे. लिनक्स प्रणालींतील 'सेन' नांवाच्या विनामूल्य योजनेंत कित्येक जुन्या स्कॅनरांस आश्रय मिळालेला आहे.

ही रीत किती उपयोगी पडते याचें एक उदाहरण देतों. नाशिकच्या एका वाचक भगिनींनीं लिहिलें कीं, त्यांच्या घरचा स्कॅनर मुलाच्या महाविद्यालयाच्या वह्या झरझर उतरवितो, परंतु सासऱ्यांच्या हातची पोथी ठेवली कीं दुसऱ्या-तिसऱ्या पानास संधान सोडतो. पोथीच्या कागदांतच कांहीं आहे, अशी घरच्यांची समजूत झाली होती. सासऱ्यांचें वय ऐंशीच्या पुढें. पोथी डोळ्यांसमोर संगणकावर मोठ्या अक्षरांत वाचतां यावी, ही त्यांची इच्छा. सूनबाई एक पान दहा-दहा वेळां कांचेवर ठेवीत, आणि पानांच्या कडा गळत. शेवटीं सासऱ्यांनींच पोथी गुंडाळून ठेवण्यास सांगितलें.

त्यांना आम्हीं एवढेंच कळविलें कीं, प्रत्येक वेळेस तुटण्यापूर्वीं स्कॅनर किती मिनिटें स्वस्थ होता तें लिहावें, आणि पोथीच्या ऐवजीं वर्तमानपत्र ठेवावें, परंतु दोन पानांमध्यें पोथीस लागतो तेवढाच वेळ थांबावें. आठ दिवसांनीं त्यांचें टिपण आलें. वर्तमानपत्राचीं पानें भराभर ठेवलीं तर वीसच्या वीस उतरलीं. पांच पांच मिनिटें थांबून ठेवलीं तर तींहि तिसऱ्या पानास अडलीं. म्हणजे जेथें विलंब तेथें खंड, हा अन्वय. जेथें विलंब नाहीं तेथें खंड नाहीं, हा व्यतिरेक. पोथी निर्दोष ठरली. वह्यांचीं पानें मुलगा चटकन् उलटी, स्कॅनरास झोंप येण्यास अवकाशच मिळत नसे. पोथीचें पान सूनबाई ब्रशानें धूळ झाडून, दोन्ही हातांनीं उचलून, जपून ठेवीत, तेवढ्यांत तो निद्रिस्त होई. त्यांच्या काळजीमुळेंच तो दोष उघडकीस येत होता. बचतीची योजना बंद केल्यावर पोथीचीं सर्व पानें सलग उतरलीं. त्या घरीं नवा स्कॅनर विकत घेण्याचें ठरत आलें होतें. तो घेतला असता आणि तोहि तसाच निद्राळु निघाला असता, तर पोथीच्या नांवावरचा कलंक कायमचाच झाला असता.

चारहि प्रकार तपासून झाल्यावर शेवटची परीक्षा राहते. तोच स्कॅनर, त्याच केबलीनें, दुसऱ्याच्या संगणकास जोडावा; आणि शक्य तर दुसऱ्याचा स्कॅनर आपल्या संगणकास जोडावा. आपला स्कॅनर दोन्हीकडे अडखळत असेल आणि केबल बदलूनहि अडखळत असेल, तर दोष त्याच्याच अंगीं आहे. त्याची खोबण सैल झाली असेल किंवा आंतील फळी बिघडली असेल. अशा वेळीं मात्र दुकानदाराचें म्हणणें ऐकावें. परंतु तोंपर्यंतचीं टिपणें वहींत असलीं, तर दुरुस्ती करणाऱ्यासहि तीं उपयोगी पडतात, आणि नवें यंत्र घ्यावें कीं नाहीं हा निर्णय आपला आपणांस करतां येतो.

दोष दूर झाला असें वाटलें तरी लगेच विश्वास ठेवूं नये. खांब रोवतांना तो हलवून हलवून पक्का करतात, त्या स्थूणानिखनन न्यायानें सकाळीं एकदां, रात्रीं एकदां, लॅपटॉप बॅटरीवर असतांना एकदां, अशा निरनिराळ्या स्थितींत वीस वीस पानांची परीक्षा घ्यावी. मग जुनीं पत्रें काढावीं. सर्वांत जीर्ण पत्र प्रथम न घेतां मजबूत पत्रांपासून आरंभ करावा, म्हणजे कांहीं अनपेक्षित घडलेंच तर हानि थोडी होईल. घडी बळेंच सपाट करूं नये व झांकण दाबूं नये. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रांत जुना कागद कधींहि घालूं नये. वाचनासाठीं ३०० चें मान पुरतें. अक्षर फिकट असेल किंवा बारीक असेल तर ६०० घ्यावें. प्रत्येक पान उतरल्याबरोबर उघडून पाहावें, म्हणजे तेंच पत्र पुन्हा पेटींतून काढण्याची पाळी येणार नाहीं. उतरविलेल्या प्रती निदान दोन ठिकाणीं ठेवाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. मूळ कागद मात्र कोणत्याहि सबबीवर रद्दींत देऊं नयेत. प्रत ही मूळाची साक्ष आहे, मूळाच्या जागीं बसणारी नव्हे.

अशीं उतरविलेलीं शेंकडों पानें पुढें सांपडावींत म्हणून त्यांस नांवें कशीं द्यावींत व अनुक्रमणिका कशी करावी, याचा विचार पुढील अंकीं करूं. तोंपर्यंत ज्यांचा स्कॅनर अडखळतो आहे त्यांनीं आठ दिवसांचीं टिपणें आमच्याकडे अवश्य पाठवावीं. संधान तुटलें ती वेळ, मध्यें हब होता कीं नाहीं, केबलीची लांबी, आणि स्कॅनर किती मिनिटें रिकामा होता, एवढें लिहिलें तरी पुरे.